कुवेतहून उत्तर यायला वेळ लागतो

१ मे २००२, बुधवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. ही कोणी वाचायची नाही, भक्तीने तर नाहीच. तिचं म्हणणं, मी काय लिहिणार ते तिला न वाचताच ठाऊक असतं. बायकोला असं वाटणं नैसर्गिक आहे.

कॉम्प्युटर आला. कोल्हापूरहून आंब्याच्या परतीच्या टेम्पोत, पेंढ्यात गुंडाळून. मॉनिटरमधून अजून पेंढा निघतोय. सरकारने गेल्या महिन्यापासून इंटरनेटवरून परदेशात बोलायला परवानगी दिली. तारीख नेमकी एक एप्रिल होती, म्हणून तारकर्लीत कोणी ते मनावर घेतलं नाही. मी घेतलं.

कंपनीचं नाव : सिंधु व्हॉइस. शिरोड्यापासून नांदगावपर्यंत केंद्रं काढायची. आपल्याकडे घरटी एक माणूस गल्फला नाहीतर बोटीवर. सगळे आयएसडी लावतात आणि डोळे मीटरवर ठेवून बोलतात. माझ्याकडे मीटरच नसेल.

घराच्या पुढच्या खोलीत भक्तीचा एसटीडी-आयएसडी बूथ आहे. तो अर्थातच बंद पडणार. तिला हळूहळू सांगायचं.

पदं ठरली. मॅनेजिंग डायरेक्टर मी. टेक्निकल डायरेक्टर माझा धाकटा भाऊ विनीत, आमचा विनू. तो कुवेतला एसी दुरुस्त करतो. चार चतुर्थ्या झाल्या, घरी आलेला नाही. आता कंपनीसाठी त्याला यावंच लागेल. गणपतीला आला की राजीनामा देऊनच येईल. भक्ती म्हणाली, "आधी तेका इचारा तरी." तिला प्रोसिजरची फार काळजी.

संकल्प : रोज दाढी. रोज इंग्रजी पेपर. चिडायचं नाही.

३ मे, शुक्रवार

कुवेतला शुक्रवारी सुट्टी असते. विनू तिथल्या सायबर कॅफेत जाऊन बसला. इथे मी. इंटरनेट लागायला दुपार गेली. मोडेम आधी किंचाळतो, मग कुरकुरतो, मग गप्प होतो. गप्प झाला की लागला समजायचं.

आणि आवाज आला! "दादा, आयकाक येता?" स्पीकरमधून, आमच्या खोलीत, एक पैसा न देता. डोळ्यांत पाणी आलं. मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करायला हवा.

एक गोष्ट नोंदवायची. आपण बोललेलं तिकडे पोचायला आणि तिकडचं इकडे यायला मिळून तीन-चार सेकंद जातात. हा दोष नव्हे. उलट माणूस समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायला शिकतो. आपल्या समाजात ह्याची गरज आहे.

विनूला कंपनीची कल्पना दिली, पद सांगितलं, चतुर्थीचं सांगितलं. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "बगूया."

भक्ती दारात उभी होती. म्हणाली, ह्या "बगूया"त मशीनचा उशीर किती आणि विनूचा किती? मी मोडेमची वायर तपासली. टेक्निकल विषय आहे.

८ मे, बुधवार

दाढी राहिली. पेपर राहिला. पण भिंतीवर नियम लावले :

एक. आपलं बोलून झालं की "ओव्हर" म्हणावे.
दोन. उत्तर येईपर्यंत शांत राहावे.
तीन. हॅलो हॅलो ओरडू नये.

तिसरा नियम लावल्या लावल्या शेजारची यशोदा येऊन कॉम्प्युटरकडे तोंड करून हॅलो हॅलो ओरडून गेली. कॉम्प्युटर बंद होता.

१० मे, शुक्रवार

गिऱ्हाइकांसाठी पहिला मोफत डेमो. गर्दी चांगली. अर्धे लोक बूथच्या पंख्याखाली बसायला आले होते हे मला कळतं, पण मार्केट असंच तयार होतं.

विनूने तिकडे आपल्या भागातल्या लोकांना कॅफेत जमवलं होतं. पहिला नंबर शेवंतीचा. तिचा नवरा दीड वर्षापूर्वी कुवेतला गेला. मी तिला हेडफोन लावला, पण लोकांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. इथे माझी चूक झाली असं भक्तीचं मत आहे.

शेवंतीने लाजत लाजत विचारलं, "माजी आठवण येता काय नाय?"

एक सेकंद. दोन. तीन. सगळी खोली कॉम्प्युटरकडे बघत होती. यशोदाने तर श्वास धरला. मग आवाज आला, "येता गो, कित्याक नाय येवची?"

शेवंतीने हेडफोन काढून कीबोर्डवर ठेवला आणि उठून गेली. "इचार करून सांगल्यान," एवढंच म्हणाली. मी मागून आवाजाचा हा उशीर म्हणजे लेटन्सी, असं समजावत अंगणापर्यंत गेलो. ती थांबली नाही. बूथमध्ये शिरली, भक्तीकडून नवऱ्याच्या खोलीचा नंबर लावून घेतला. तो कॅफेतून खोलीवर पोचेपर्यंत तीनदा लावावा लागला. तिने तोच प्रश्न परत विचारला. भक्ती सांगते, प्रश्न पुरा व्हायच्या आतच तिकडून उत्तर आलं. शेवंती हसत घरी गेली.

तिच्यामागून आणखी चौघांनी बूथवरून फोन लावले. कशाला, तर खात्री करायला.

कस्टमर एज्युकेशन कमी पडतंय.

१३ मे, सोमवार

गुंतवणूकदार मिळाला! बेनेडिक्ट अंकल. उभा जन्म बोटीवर स्टुअर्ड होते, आता किनाऱ्यावर चार खोल्यांचं लॉजिंग चालवतात. कॉम्प्युटरभोवती दोनदा फिरले, मागच्या वायरी बघितल्या, म्हणाले, बोटीवरच्या रेडिओपेक्षा बरं दिसतं. पैसे घालायला तयार आहेत. अट एकच. त्यांच्या मिसेस सिसिलिया आंटीने एकदा ऐकायचं. त्यांच्याकडे आंटीने ऐकल्याशिवाय काहीच होत नाही.

त्यांचा मुलगा केव्हिन कुवेतलाच आहे, विनूच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये. म्हणजे दोन्ही टोकं आपलीच. डेमो फसूच शकत नाही.

विनूला ईमेल केला, केव्हिनला शुक्रवारी घेऊन ये. खाली लिहिलं, राजीनाम्याचं काय ते कळव. उत्तरात त्याने विचारलंय की पावसाआधी मागच्या पडवीची कौलं परतलीस का.

१७ मे, शुक्रवार. संध्याकाळ

चिडायचं नाही हा संकल्प आज स्थगित.

अंकल इस्त्रीचा शर्ट घालून आले. आंटी चर्चमध्ये मिसाला जाताना नेसते ती साडी नेसून. मी नियम वाचून दाखवले. केव्हिनचा आवाज इतका स्वच्छ आला की आंटीने मॉनिटरच्या गालावरून हात फिरवला. इथवर सगळं माझ्या योजनेप्रमाणे.

मग आंटीने विचारलं, "पुता, दर आयताराक मिसाक जातंस मां? ओव्हर."

आता प्रश्न इथून कुवेतला जाणार, तिथे पोचणार, तो बोलणार, ते परत येणार. अंकलना हे मी कागदावर बाण काढून समजावलं होतं. पण अंकल कागदाकडे बघत नव्हते, आंटीच्या चेहऱ्याकडे बघत होते. आंटीचा चेहरा एकेका सेकंदाला उतरत गेला.

"हय शुक्रवारी मीस आसता, मम्मी."

हे खरं आहे. गल्फमध्ये चर्चला रविवारऐवजी शुक्रवारी जातात, सुट्टीच तेव्हा. कोणीही सांगेल. पण इतक्या वेळाने आलेलं खरं कोणाला खरं वाटतं? आंटी म्हणाली, "सायबा! आयतार खंय गेलो?" आणि पदर तोंडाला लावला. तिकडून केव्हिन आधीच्याच वाक्याचं स्पष्टीकरण देत होता, ते आंटीच्या रडण्यावर येऊन पडलं, आंटीचं रडणं तिकडे पोचलं तेव्हा तो हसत होता, आणि ते हसणं इकडे आलं तेव्हा आंटी म्हणत होती की तू आजारी तर नाहीस.

परिस्थिती सावरायला मी अंकलना पुढे केलं. त्यांनी खणखणीत विचारलं, "केव्हिन, हेच्यात पैसे घालू मां रे? ओव्हर."

शांतता. मग, "घाल, पपा."

अंकल उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जितू, माज्या झिलान माका होय म्हणाक इतको येळ कधी लावक नाय." माणूस फार सभ्य. जाताना दोघं बूथमध्ये गेले आणि आयएसडीवरून केव्हिनशी बराच वेळ बोलले. आंटी बाहेर आली ती हसत. भक्तीच्या हातात केळी ठेवून गेली.

मला केळी नाहीत.

१८ मे, शनिवार

रात्रभर विचार करून कारण सापडलं. मशीनमध्ये दोष नाही. आमच्या लोकांत आहे. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ताबडतोब यावं अशी त्यांची अपेक्षा असते. कोर्टातल्या उत्तरासाठी पंधरा-पंधरा वर्षं थांबतील, पण पोराने "होय" म्हणायला श्वास घेतला तर संपलं.

भक्ती म्हणाली की बूथचा धंदा ह्या महिन्यात बराच वाढला. शुक्रवारी तर रांग असते. मी म्हटलं योगायोग.

७ जून, शुक्रवार

भाई धुरींना भेटलो. बर्फाचा कारखाना, दोन ट्रॉलर. पूर्ण किनाऱ्यावर ते हो म्हणाले की बाकीचे आपोआप हो म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं. चतुर्थीच्या आधी एकदा येऊन बघतो म्हणाले. म्हणजे बेनेडिक्ट अंकलनी पैसे घातले नाहीत हे चांगलंच झालं. छोट्या गुंतवणूकदारांनी पुढे त्रासच दिला असता.

विनूला आज परत विचारलं. म्हणाला, "दादा, हय माजा बरा चल्ला हा." मी समजावलं की बरं चाललंय म्हणूनच योग्य वेळ आहे, वाईट चालल्यावर काय कोणीही येतो. उत्तर आलं नाही. लाइन तुटली असावी. स्क्रीनवर मात्र कनेक्टेड दिसत होतं. सॉफ्टवेअर जुनं आहे.

१९ जुलै, शुक्रवार

लाइन बंद. वळणावरचा माड तारेवर पडला आहे. महिना होत आला. खात्याचा माणूस येऊन माड बघून गेला. माड कोणाचा ह्यावर दोन घरांत वाद आहे, तो मिटेपर्यंत हात लावता येत नाही.

बूथची तार दुसऱ्या बाजूने येते. ती चालू आहे.

ह्या सक्तीच्या विश्रांतीत एक महान कल्पना सुचली. उशीर टाळता येत नाही ना? मग उत्तर आधीच निघालं पाहिजे! भाई काय विचारणार ते मीच ठरवायचं, तीच प्रश्नपत्रिका विनूला आधी पाठवायची, आणि त्याने घड्याळ लावून, प्रश्न ऐकायच्या आधीच, उत्तर सोडायचं. इकडे प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर हजर. अमेरिकेत बसलेल्यांना हे सुचलं नाही.

भक्ती म्हणाली, मग प्रश्न विचारायची गरज काय? ती मुद्द्यावरून भरकटते.

९ ऑगस्ट, शुक्रवार

माड हलला. लाइन आली. विनूबरोबर रंगीत तालीम. तो म्हणाला, दादा, हे बरं नाही, लोकांना फसवल्यासारखं होतं. मी म्हटलं, ह्याला सिंक्रोनायझेशन म्हणतात. मग त्याने तालीम केली. लहानपणापासून माझं ऐकतो. शाळेच्या नाटकात मी राजा असायचो आणि तो प्रधान, आणि माझी वाक्यं विसरलो की तीही तोच म्हणायचा.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. भाई विचारणार : कंपनीत तुम्ही स्वतः येणार काय? उत्तर : होय, ह्या चतुर्थीला येतो. विनूने बाकीची सगळी उत्तरं वाचली. ह्या वेळी त्याला ठसका लागला. तिकडे एसी फार.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आधी जमेच्या बाजू. वीज गेली नाही. इंटरनेट पहिल्या फटक्यात लागलं. अंकलच्या लॉजिंगमधून खुर्च्या आणल्या, अंकलनी भाडं घेतलं नाही, उलट स्वतः येऊन मागे उभे राहिले. सिसिलिया आंटीही आली. मी टाय बांधला होता.

भाई आले. बरोबर देवळातले बाबली. मी ओळखलं नाही असं नाही, देवळात आणि कुठल्याही नव्या कामाला देवाकडे मागणं मागायचं गाऱ्हाणं तेच घालतात. पण ते भाईंबरोबर सहज आले असतील असं वाटलं. तिकडे विनूने हॅलो म्हटलं, मी हॅलो म्हटलं, म्हणजे आमचं घड्याळ सुरू झालं. पहिला प्रश्न भाईंनी वाचायचा. मी कागद पुढे केला.

भाई म्हणाले, "थांब रे. आधी गाराणा होऊ दी."

सगळं ठरवलं होतं, हे राहिलं. तारकर्लीत नवा पंप बसवला तरी गाऱ्हाणं होतं आणि मी, इथेच जन्मलेला, कार्यक्रमपत्रिकेत ते घालायला विसरलो. गाऱ्हाण्याला वेळेचं बंधनही नसतं. बाबलींना विडा दिला, त्यांनी नारळ घेतला, डोळे मिटले. लोक उठून उभे राहिले. नास्तिक असलेला मोडेमसुद्धा गप्प होता.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आज ह्या जाग्यार जितूच्या हातसून जो काय नवो धंदो सुरू होता हा..."

स्पीकरमधून विनू : "हो भाई, आवाज एकदम स्पष्ट येतो आहे. खर्च काहीच नाही."

घड्याळाप्रमाणे बिनचूक. मी हातवारे केले, पण ते कुवेतला दिसत नाहीत. बाबलींनी एक डोळा उघडून कॉम्प्युटरकडे पाहिलं, परत मिटला. विनूला तिकडे गाऱ्हाणं ऐकू आलं तेव्हा त्याने उत्तरांचा कागद बाजूला ठेवला असणार, कारण पुढच्या वेळी तोही सगळ्यांबरोबर म्हणाला. सगळ्यांबरोबर म्हणजे त्याच्या हिशेबाने बरोबर.

"ह्यो धंदो बुडतलो असो जर कोण म्हणत आसात..." बाबली श्वास घ्यायला थांबले.

"व्हय म्हाराजा!" कुवेतहून. एकट्याचा. खणखणीत.

बेनेडिक्ट अंकल मागून खोकले. भाईंच्या पोटावरची बटणं हलायला लागली. आता एक सांगतो. माझाही राग गेला. चार वर्षांनी माझ्या घरात विनूचा "व्हय म्हाराजा" ऐकला. तो आधीपासून सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा, उशिरा आला तरी आवाज तोच. मी टाय सैल केला आणि इतरांबरोबर म्हणायला लागलो. आमचं होऊन गेलं की मागून विनूचं यायचं. लोकांनाही त्याची सवय झाली, बाबलीसुद्धा त्याच्यासाठी थांबायला लागले. आम्ही, मग विनू. आम्ही, मग विनू. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बाबलींनाही रंग चढला असावा. त्यांनी विनूला घरी आणायचं मागणं आपल्या मनाने पुढे घातलं, "ह्या घरातलो धाकटो पोटापाण्यासाठी भायर गेलो हा, तेका ह्या चवतीक घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही. मी जरा जास्तच मोठ्याने.

मग सगळे विनूसाठी थांबले.

थांबले. बाबली थांबले, भाई थांबले. सिसिलिया आंटी आधी कॉम्प्युटरकडे आणि मग भक्तीकडे बघायला लागली. स्पीकरमधून पंख्याचा आवाज येत होता, कोणीतरी तिकडे खुर्ची सरकवली तीही ऐकू आली. शेवटी बाबलींनीच पुढचं घातलं, काय चूकभूल झाली आसात ती पदरात घे रे म्हाराजा. त्यावर विनू नेहमीइतक्या उशिराने म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मी लोकांना सांगितलं की ह्याला पॅकेट लॉस म्हणतात. आवाजाचे बारीक तुकडे होऊन जातात, त्यातला एखादा वाटेत गळतो. नेमका तेवढाच गळला. कोणी काही विचारलं नाही. खरं तर विचारायला हवं होतं, माझी उत्तरं तयार होती.

प्रश्नपत्रिका तशीच राहिली. नारळ फोडला, खोबरं वाटलं.

२१ ऑगस्ट, बुधवार

भाईंचा निर्णय आला. ते स्वतः आले होते. मला म्हणाले, "यंत्र बरा आसा रे जितू. पण मानूस होय म्हणता काय इचार करता, ता कळाक व्हया." मग भक्तीशी बोलत बसले. बर्फाच्या कारखान्यावर खलाशांसाठी आयएसडीचा बूथ काढतायत. तो भक्तीने बघायचा, भागीदारीत. माझा इंटरनेट फोन शुक्रवारी चालू ठेवावा अशी त्यांची शिफारस. लोक इथे फुकट ऐकतात, मग खात्री करायला आयएसडीकडे धावतात.

थोडक्यात, सिंधु व्हॉइसला मोठा ग्रुप जोडला गेला. फक्त गुंतवणूक दुसऱ्या खात्यात झाली.

२८ ऑगस्ट, बुधवार

टेक्निकल डायरेक्टरची केबिन तयार. पडवीत प्लायवूडचं पार्टिशन घातलं. पूर्वी आम्ही दोघं तिथेच झोपायचो, त्यामुळे त्याला परकं वाटायचं नाही. टेबलाखाली पाय लांब करता येतात हे मी बसून बघितलं. विनू माझ्यापेक्षा उंच आहे, पण बसेल. कौलं परतून घेतली. त्याने विचारलं होतं.

भक्ती केबिनकडे बघून म्हणाली, गणपतीच्या सामानाला जागा होईल. मग काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि सांगितलं नाही. विचारल्यावर म्हणाली, काही नाही. हल्ली घरात सगळ्यांनाच उशीर व्हायला लागलाय.

६ सप्टेंबर, शुक्रवार

गणपती चार दिवसांवर. कॉम्प्युटर लावून बसलो. कॅफेत विनू आला नाही. केव्हिन आला. "विनीत बिझी आसा, अंकल." सुट्टीच्या दिवशी एसी बिघडतातच.

उद्याचं विमान पकडणार असेल तर सामान भरत असेल, मला अचानक येऊन चकित करायचं असेल, असं दुपारपर्यंत वाटलं. जेवणानंतर वाटेना. मग बूथमध्ये गेलो. भक्ती बाहेर रांगोळीचं भांडं घासत होती. स्वतःच्या बायकोच्या बूथवर मी पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून शिरलो. आयएसडी लावला. काचेचं दार ओढून घेतलं.

दोन रिंगमध्ये उचलला. आवाज इतका जवळ की पडवीतूनच बोलतोय. जेवलंस? जेवलंय. मखर केलंस? करतंय. वहिनी बरी? बरी. एकाही उत्तराला पापणी लवायचाही उशीर नाही. मीही भराभर बोलत सुटलो. केबिनचं सांगितलं, कौलांचं सांगितलं, भाईंनी कंपनीत रस घेतला म्हणून सांगितलं. मग विचारलं, "विनू, येतलंस मां?"

काही नाही.

हॅलो म्हटलं नाही मी. नियम मीच केलाय. त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत होता, कोणीतरी तो बारीक केला तेही ऐकू आलं. मीटर फिरत होता. मी मीटरकडे बघत राहिलो, दुसरीकडे कुठे बघायचं कळेना.

मग तो हळू म्हणाला, "दादा, फोन ठेव तू. बिल वाढता."

ठेवला.

आयएसडीच्या लाइनलाही आता डिले यायला लागला आहे. खात्याकडे लेखी तक्रार करणार.

बाहेर आलो. भक्तीने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, येतोय. जरासुद्धा न थांबता म्हटलं.

१० सप्टेंबर, मंगळवार. गणेशचतुर्थी

गणपती आणला. वाटेत पाऊस नव्हता. आरतीला बेनेडिक्ट अंकल, आंटी, शेवंती, यशोदा. झांजांचा एक जोड उरला, तो अंकलनी वाजवला. ताल बरा नव्हता.

दुपारी भक्तीने पानं वाढली. दोनच. माझं आणि तिचं. विनू येतोय असं मी शुक्रवारी सांगितलं, तरी तिने दोनच मांडली आणि कोणाचीही वाट न बघता माझ्या मोदकावर तूप सोडलं. तेव्हा मला कळलं की तिला कळलं होतं. विचारल्यावर तिने सांगितलं. विनूने तिथे आणखी तीन वर्षांच्या करारावर जूनमध्येच सही केली. केव्हिनने आयएसडीवर आंटीला सांगितलं, आंटीने हिला. माझं केबिनचं काम चालू होतं, म्हणून मला कोणी सांगितलं नाही.

मी म्हटलं, कंपनीचं नुकसान झालं. भक्ती म्हणाली, जेवा.

जेवलो. कंपनीला टेक्निकल डायरेक्टर कोणीही चालला असता, कुडाळला जाहिरात दिली असती तर दहा आले असते. मला विनू पाहिजे होता.